कुरळी

"आज भाजी काय केली?"

"केल."

"केली ते समजलं. काय केली?"

मागच्या हिवाळ्यात आमच्या घरात हा संवाद इतक्यांदा झाला, की शेवटी यांनी विचारणंच सोडून दिलं. ताटात हिरवं दिसलं की मुकाट्याने जेवायचे. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईच्या घरी एका भाजीने क्रियापदाशी असा खेळ मांडावा, हे मला फार लागलं. पण खरा घोळ पुढेच होता. भाषेच्या दारात नवा शब्द आला की आत घेण्याआधी आपण त्याला लिंग विचारतो. मेथी ती, पालक तो, अळू ते. कोबी आणि फ्लॉवर परदेशातून आले, तरी दोघेही निमूटपणे 'तो' झाले. केल मात्र अडून बसली. की बसला? की बसलं? पुण्याची आमची मुलगी 'ते केल' म्हणते. हे 'तो केल' म्हणतात. बाजारातला भाजीवाला 'केलवाली भाजी' म्हणून स्वतःची सुटका करून घेतो. आम्ही राहतो महाबळेश्वरला, लिंगमळ्याच्या बाजूला. लिंगमळ्यात राहून मराठीच्या बाईंना एका पानाचं लिंग सापडू नये!

सज्जनगड आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे बोलण्याआधी करावं, ही समर्थांची शिकवण इथल्या हवेतच आहे. म्हणून मीही व्याकरण बाजूला ठेवलं आणि आधी केल केली. केली म्हणजे लावली. तोंडातून 'केली' गेलं, म्हणून तात्पुरतं स्त्रीलिंग धरून चालले.

बी पाठवलं मुलीनेच. ती सकाळी उठून हिरवा रस पिते. त्या रसात केल असते, आणि पुण्यात केलची जुडी घ्यायची तर त्या पैशांत मेथीच्या आठ-दहा जुड्या याव्यात, असा तिचा हिशेब. "आई, याला थंडी लागते. तुमच्याकडे थंडी फुकट आहे," असं म्हणून तिने एक पाकीट धाडलं. पाकिटावर कुरळ्या केसांच्या मुलीसारखं दिसणारं एक पान. आतलं बी वाटीत काढून बघितलं तर थेट मोहरी. तेवढीच गोल, तेवढीच काळपट. हे नवल नाही, कारण दोघी एकाच कुळातल्या. पण स्वयंपाकघरात असलं नातं धोक्याचं असतं. यांनी ती वाटी उचलून मिसळणाच्या डब्याजवळ नेलीच होती. मी वेळेवर पोचले नसते, तर आमची केल वाफ्याऐवजी फोडणीत तडतडली असती.

आमच्याकडे घटस्थापनेपर्यंत पाऊस पुरता गेलेला नसतो. घट बसले त्याच दिवशी मी पडवीत एका ट्रेमध्ये शेणखत आणि माती कालवून बी टाकलं. सहाव्या दिवशी कोंब वर आले. दोन-दोन इवल्या पाकळ्या, बदामाच्या आकाराच्या. दसऱ्याला घटातलं धान वीतभर झालं होतं आणि शेजारी केल अजून हात जोडून उभी होती. महिन्याभराने रोपांना चार-पाच पानं आली, तेव्हा ती गादीवाफ्यावर दीड-दीड फुटावर लावली. त्याआधी वाफ्यात चुलीतली राख मिसळली. साडेचार हजार फुटांवरच्या या माथ्यावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो मातीतला चुना धुऊन नेतो. मग ही जांभ्याची तांबडी माती आंबट होते. स्ट्रॉबेरीला थोडा आंबटपणा चालतो; कोबीच्या कुळाला तो मानवत नाही. माणसांप्रमाणे भाज्यांच्याही काही घराण्यांना जरा सौम्य सासर लागतं.

"परकी भाजी कशाला?" असं शेजारच्या एका गृहस्थांनी कुंपणावरून विचारलं. विचारताना त्यांच्या हातात बटाट्याची पिशवी होती. मी काही बोलले नाही. पण महाबळेश्वरात परकं म्हणून कुणाला हटकायचं, हा प्रश्न जरा जपूनच विचारायला हवा.

हे गावच मुळी परक्यांच्या हौसेचं. क्षेत्र महाबळेश्वर जुनं, पंचगंगेचं देऊळ जुनं, कृष्णामाई तर सगळ्यांहून जुनी. पण ज्याला पर्यटक महाबळेश्वर म्हणतात ती पेठ वसवली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने. १८२९ मध्ये त्याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. बाजाराला नाव पडलं माल्कम पेठ. आता हा माल्कम कुठला? स्कॉटलंडचा. आणि स्कॉटलंडात त्या काळी गरिबाच्या झोपडीमागच्या परसाला नावच केलवरून पडलेलं होतं, कारण त्या परसात मुख्यतः तीच भाजी असे. तिथल्या बोलीत 'केल खायला या' म्हणजे जेवायला या. आपण 'भाकरतुकडा खाऊन जा' म्हणतो, तसं. म्हणजे आमच्या पेठेचा संस्थापक ज्या मातीतून आला, तिथे ही भाजी जेवणाचं दुसरं नाव होती. आज तीच भाजी पुण्यात काचेच्या पेल्यात बसून भाव खाते. गरिबाचं अन्न श्रीमंताच्या घरी पोचायला फार तर दोनशे वर्षं लागतात. नाचणीलाही साधारण तेवढीच लागली.

माल्कमनंतर काही वर्षांनी इथे एक तुरुंग झाला. त्यात पूर्वेकडच्या इंग्रज वसाहतींतून आणलेले चिनी आणि मलायी कैदी असत. हे कैदी बागा करत, बटाटे आणि विलायती भाज्या पिकवत, वेताच्या टोपल्या विणत. १८६४ च्या सुमाराला तुरुंग बंद झाला, पण भाज्या मागे राहिल्या. बटाट्याची पिशवी घेऊन मला परकेपणा शिकवणाऱ्या गृहस्थांना हे सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पुढे सरकारने लिंगमळ्यातच सिंकोनाची लागवड करून पाहिली. हिवतापावरचं क्विनाइन त्याच्या सालीतून मिळतं. त्या झाडांना आमचा पाऊस सोसला नाही आणि काही वर्षांतच तो डाव मोडला. स्ट्रॉबेरी मात्र अशी रुजली, की २०१० मध्ये 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे सरकारी कागदावर तिचं कूळ आणि गाव आता हेच. हा डोंगर कुणाला नाही म्हणत नाही. तो एक पावसाळा दाखवतो आणि राहायचं की जायचं, ते ज्याचं त्याला ठरवू देतो.

शिवाय केलला परकं म्हणणारे आणखी एका ठिकाणी चुकतात. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि केल ही पाच निरनिराळी झाडं नाहीतच. एकाच रानटी झाडाची ती पाच मुलं. माणसाने कुणाचा गड्डा वाढवला, कुणाचं फूल, कुणाचं खोड आणि कुणाची नुसती पानं. नावांचंही तसंच. 'कोबी' हा शब्द आपण पोर्तुगीजांच्या 'कोव्ह'वरून घेतला, आणि ते लोक कोव्ह म्हणतात त्यात केलसारखी पानंही आली. नवलकोलमधला 'कोल' आला डचांकडून, आणि तो केलचा सख्खा भाऊ. त्याच्यापुढे 'नवल' जोडून आपण त्याला असा घरचा करून टाकला, की आज तो परका होता यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. काश्मिरात हिरव्या पानांची जी भाजी रोज भाताबरोबर खातात, तीही हिचीच बहीण. मराठीत जिला हाक मारायला धड नाव नाही, तिला काश्मिरीत 'हाक'च म्हणतात!

हे सगळं मी यांना एका संध्याकाळी समजावून सांगितलं. यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मोबाइलवर केलचं शास्त्रीय नाव शोधून काढलं. त्यातला शेवटचा शब्द 'असेफाला'. अर्थ, मस्तक नसलेली. कोबीसारखा गड्डा धरत नाही म्हणून. "म्हणजे बिनडोक," हे म्हणाले. तेव्हापासून मी बागेकडे निघाले की "बिनडोकीला पाणी घालायला निघालीस का?" असा प्रश्न यायचा. त्यातली बिनडोक नेमकी कोण, हे ते कधी स्पष्ट करत नसत.

नोव्हेंबर संपता संपता पानांच्या मागे मावा आला. पान उलटं केलं की राखाडी पीठ सांडल्यासारखे किडे. कुरळ्या पानाची एक अडचण अशी, की त्याच्या प्रत्येक सुरकुतीत एकेक कुटुंब आरामात राहतं. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारला, मग कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात कालवून फवारलं. ती लढाई साधारण बरोबरीत सुटली. दुसरे पाहुणे म्हणजे माकडं. महाबळेश्वरात राहणाऱ्याने परसात काही लावायचं म्हणजे त्यांच्यासाठी लावायचं आणि उरलं तर आपण खायचं, हा अलिखित करार आहे. टोळी आली. त्यातल्या पोक्त माकडाने एक पान तोडलं, हुंगलं, चावलं, आणि शाळेत मुलं डब्यातली कारल्याची भाजी ज्या चेहऱ्याने परत ठेवतात त्या चेहऱ्याने ते पान वाफ्यावर ठेवून दिलं. टाकलं नाही, ठेवलं. मग टोळी शेजाऱ्यांच्या गाजरांकडे वळली.

"माकडांनी नाकारलेली भाजी आपण खाणार," हे म्हणाले. "आपण उत्क्रांतीत पुढे आहोत की मागे?"

मला उत्तर सुचलं नाही, कारण भाजी खरोखरच कडवट होती. लसूण घातला, गूळ घातला, नारळ घातला. कडवटपणा सगळ्यांना पुरून उरला. मुलीने फोनवर उपाय सांगितला: पानं चिरून त्यांना मीठ-लिंबू लावून हातांनी पाच मिनिटं चोळायची, म्हणजे मऊ पडतात आणि कच्ची खाता येतात. मी चोळली. बाळंतिणीच्या खोलीत बाळाला तेल लावावं, तशी मन लावून चोळली. पानं मऊ झाली हे खरं. पण "या घरात चाळीस वर्षांत माझे पाय कुणी असे चोळले नाहीत," हे शब्द त्या ताटाबरोबर मला गिळावे लागले.

मग डिसेंबरच्या अखेरीस हिव पडलं.

हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. महाबळेश्वरच्या पेठेत पारा आठ-दहा अंशांवर असतो, तेव्हा वेण्णा तलाव आणि लिंगमळा या खोलगट भागात तो त्याच्याही पुष्कळ खाली उतरलेला असतो. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री जमिनीची ऊब वर निघून जाते आणि जड, थंड हवा उतारावरून पाण्यासारखी वाहत येऊन या वाटीत साचते. पहाटे बघावं तर दव गोठलेलं. गाड्यांच्या टपांवर, तलावातल्या बोटींवर, गवताच्या पात्यांवर पांढरा चुरा. पर्यटक तो ओंजळीत घेऊन फोटो काढतात. वर्तमानपत्रात 'मिनी काश्मीर' छापून येतं. ज्यांची स्ट्रॉबेरी त्या गवताच्या शेजारी असते, ते फोटो काढत नाहीत. हिवाने फूल काळं पडतं, आणि काळ्या फुलाला फळ धरत नाही. आमच्या शेजारच्या वावरात त्या सकाळी घरातली सगळी माणसं वाफ्यांवर वाकून उभी होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. रात्री घातलेलं आच्छादन एका बाजूने उडालं होतं, आणि तेवढीच बाजू गेली होती.

माझी केल पांढरी होऊन ताठ उभी होती. एक पान वाकवलं तर काचेसारखं वाजलं. गेली, असं मी धरून चालले. पण ऊन चढलं, पान वितळलं, आणि दुपारी बघते तर जसंच्या तसं. संध्याकाळी भाजी केली. पहिला घास घेऊन हे थांबले. "गूळ घातलास?" नव्हता घातला. पुस्तकात मी ते वाचलं होतं, पण पुस्तकात वाचलेलं जिभेवर येईपर्यंत खरं वाटत नाही: थंडी वाढली की ही झाडं पानांतल्या पिठाची साखर करतात, कारण गोड पाणी साध्या पाण्याइतकं लवकर गोठत नाही. ती गोडी आपल्यासाठी नसते. झाडाने जीव वाचवायला केलेली ती धडपड असते, आणि आपण तिला चव म्हणतो.

तिसऱ्या दिवशी माकडं परत आली. पोक्त माकडाने एक पान चाखलं. मग दुसरं. मग त्याने टोळीकडे वळून बघितलं. त्या एका दुपारी माझी सहा झाडं गेली. दुःख झालं, पण त्याहून जास्त समाधान झालं, हे इथे कबूल करते. शेजारच्या वावराकडे मात्र पुढचे काही दिवस माझ्याने मान वर करून बघवलं नाही. ज्या रात्रीने त्यांची फुलं नेली, त्याच रात्रीने माझ्या वाटीत गूळ घातला होता. अशी गोडी शेजाऱ्याला वाटायची तरी कशी? दोन जुड्या घेऊन कुंपणापर्यंत गेले आणि परत आले. चौथ्या दिवशी तिकडूनच हाक आली, "बाई, तुमची ती भाजी हिवात जगली म्हणे. बघू तरी." तेव्हा कुठे त्या जुड्या कुंपणापलीकडे गेल्या.

केल खुडायची एक रीत आहे. खालची, बाहेरची पानं देठाशी मोडून घ्यायची आणि मधला शेंडा नि त्याभोवतीची चार-पाच पानं राखायची. मग झाड वर वर वाढत राहतं. जानेवारीत त्याचं खोड उघडं पडलं आणि वर पानांचा झुबका उरला. वाफ्यात जणू बुटक्या माडांची रांग उभी राहिली. खुडलं की आठवड्यात पुन्हा तेवढंच. झाडं उरली होती अठरा. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घरात दर आठवड्याला दोन किलो पाला म्हणजे शिक्षा असते. पीठ पेरून केली, ती सर्वांत उत्तम. ताक-बेसन लावून पातळ केली. थालीपिठात घातली. कुरळ्या कडांची भजी तर इतकी कुरकुरीत झाली, की यांनी त्या दिवशी 'बिनडोक' हा शब्द मागे घेतला. संक्रांतीला हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांना तिळगुळाबरोबर एकेक जुडी वाण म्हणून दिली. पुढच्या आठवड्यात मला रस्त्यात बघून दोघी समोरच्या दुकानात शिरल्या.

म्हणून साठवणीकडे वळले. नियम सोपे होते. पानं धुवायची नाहीत. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली की आठवडाभर टिकतात. त्याहून जास्त हवं असेल, तर देठ काढून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पिळून गोळे करून फ्रीझरमध्ये. बर्फाचं पाणी कुठून आणू, असा प्रश्न जानेवारीत आमच्याकडे पडत नाही. नळ सोडला की झालं. फेब्रुवारीअखेर फ्रीझरमध्ये एकवीस हिरवे गोळे रांगेत बसले होते. मोदकांसारखे. यांची कुल्फी ठेवायला जागा उरली नाही. पण आगोटीची बेगमी म्हणजे बेगमी. जून ते सप्टेंबर इथे हिरव्या भाजीचं दर्शन दुर्लभ, हे मी चाळीस पावसाळे बघत आले होते.

मार्चमध्ये ऊन चढलं, आणि पलीकडच्या मावशी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. मावशी मूळच्या माणदेशातल्या, म्हसवडकडच्या. स्ट्रॉबेरीच्या मळ्यात कामाला म्हणून नवऱ्याबरोबर इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. मला गावातल्या सगळ्यांसारखंच 'बाई' म्हणतात.

"बाई, ह्यो कोबी गड्डा का धरंना?"

"गड्डा धरत नाही हा. नुसती पानं खायची."

"मंग एवढी पानं दोघांनी कशी खायची? वाळवा की!"

"वाळवू? पालेभाजी?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की इतक्या वर्षांच्या माझ्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याकडे मी तसं बघितलेलं नाही. "हरबऱ्याचा पाला न्हाई वाळवत? आमच्याकडं थंडीत शेंडं खुडायचं, सावलीत वाळवायचं, मडक्यात भरून ठिवायचं. उन्हाळ्यात रानात काय असतंय हिरवं? पाण्याचा टँकर यायची वाट बघायची आन् ताटात ती भाजी वाढायची."

मग त्यांनी पदर खोचला आणि आम्ही दोघींनी तीन दिवस वाळवण घातलं. पानं धुऊन, फडक्यावर निथळून, देठ काढून, जुन्या साडीवर पडवीत पसरायची. थेट उन्हात नाही. रंग आणि चव दोन्ही उडतात. दोन दिवसांनी मुठीत चुरडलं की पापडासारखं वाजलं पाहिजे. देठाशी जरा जरी ओल राहिली तरी बुरशी. पानाचा जवळजवळ सगळा ऐवज पाणीच असल्यामुळे किलोभर पाला वाळून शे-दीडशे ग्रॅम उरला. माझ्या आठवड्याच्या शिक्षेची मूठभर भुकटी झाली. अर्धी मावशींची, अर्धी माझी.

पडवीत बसून ती पानं चाळताना माझ्या डोक्यात जिल्ह्याचा नकाशा फिरत होता. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेच्या टोकाला आम्ही, सहा हजार मिलिमीटरखाली बुडालेले. पूर्वेच्या टोकाला माण, पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर तहानलेलं. शाळेत भूगोलाच्या बाई हे दोन तालुके टोकाची उदाहरणं म्हणून शिकवायच्या. पण ताटाच्या बाजूने बघितलं तर दोन्हीकडचं दुखणं एकच. दुष्काळात हिरवं उगवत नाही आणि अतिपावसात उगवलेलं कुजतं. पावसाचं कमी होणं आणि जास्त होणं, दोन्ही वेळा ताटातून पहिली उठते ती पालेभाजी. म्हणूनच दुष्काळात शिकलेली गोष्ट मावशी पावसाच्या गावात घेऊन आल्या, आणि तिला इथे काम मिळालं.

एप्रिलमध्ये केलला पिवळी, चार पाकळ्यांची फुलं आली. मोहरीच ती, शेवटी आपल्या वळणावर गेली. मधमाश्यांनी महिनाभर झाडं सोडली नाहीत. शेंगा धरल्या, त्यातलं बी मी पुढच्या घटस्थापनेसाठी राखून ठेवलं. या खेपेला मिसळणाच्या डब्यापासून लांब.

मग जून आला. घराला गवताच्या झडी बांधल्या. पहिल्याच वादळात कुठेतरी झाड पडलं आणि वीज गेली. पाऊस असा, की दुरुस्तीला माणूस खांबापर्यंत तरी कसा जाणार? तिसऱ्या दिवशी फ्रीझर उघडला तेव्हा एकवीस मोदकांचा एक हिरवा चिखल झाला होता. यांनी तो खतात टाकताना काहीही विनोद केला नाही. संसारात काही उपकार असे न बोलता होतात.

आता भिस्त वाळवणावर. मावशींनी आपला वाटा रीतीप्रमाणे फडक्याची पुरचुंडी बांधून फळीवर ठेवला होता. माणमध्ये ती पुरचुंडी वर्षभर टिकते, कारण तिथल्या हवेत पाणी नसतं. आमच्या हवेत जुलैमध्ये पाण्याशिवाय काही नसतं. मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही, पुस्तकांना मिशा फुटतात. पंधरा दिवसांत पुरचुंडीला पांढरी लव आली. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. "आमच्या गावाकडं कधी असं झालं न्हाई वो." मी मात्र सवयीने माझा वाटा घट्ट झाकणाच्या लहान लहान बाटल्यांत भरला होता; पापड, बिस्किटं आणि काडेपेट्या इथे आम्ही तशाच ठेवतो. मोठा डबा एकदा उघडला की आत धुकं शिरतं आणि सगळाच ऐवज जातो. लहान बाटली उघडायची ती एका जेवणापुरती. बाटल्या होत्या अकरा. वाळवायची विद्या माणची आणि झाकून ठेवायची महाबळेश्वरची. एकीला दुसरीचा आधार नसता, तर दोघींच्या घरी बुरशीच वाढली असती.

जुलैच्या एका दुपारी, सलग नवव्या दिवशी सूर्य दिसला नव्हता, तेव्हा मी मावशींना जेवायलाच बोलावलं. तूरडाळ शिजवली, त्यात एका बाटलीतली केल भिजवून घातली, वरून लसणाची फोडणी. भाकरी मावशींनी थापल्या. खिडकीबाहेर धुकं, खिडकीच्या आतही थोडं धुकं. मावशींनी घास घेतला, जरा वेळ चावला आणि न्यायाधीशासारखा निकाल दिला, "हरबऱ्यावानी आंबूस न्हाई. पन कुरळी बी ब्येस हाय."

"कुरळी?"

"मंग काय म्हनायचं? तुमी म्हनता ते नाव तोंडात थांबत न्हाई. सारखं वाटतंय, काय केलं, काय केलं."

हे इतके हसले की ठसका लागला. आणि मी सरळ बसले. वर्षभर ज्या शब्दाचं लिंग शोधत होते, त्याचा प्रश्न मावशींनी शब्दच बदलून सोडवला होता. ती कुरळी. त्या कुरळ्या. कुरळीची भाजी. सामान्यरूप होतं, अनेकवचन होतं, कुठेही अडत नाही. 'पोळी'सारखी चालते. बत्तीस वर्षांच्या नोकरीने जे जमवलं नाही, ते एका घासात झालं.

तेवढ्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. रेंज होती हेच नवल. पावसाची चौकशी झाली, विजेची झाली, बाबांच्या गुडघ्याची झाली.

"आणि आज जेवायला काय केलं?"

"कुरळी."

"ही कुठली भाजी? मला कधी दिली नाहीस. तिकडची रानभाजी आहे का?"

मी मावशींकडे बघितलं. त्या भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने ताटली पुसत होत्या.

"हो," मी म्हटलं. "इकडचीच."